बंकमला उद्देशून

पोकळ, दिखाऊ किंवा निव्वळ निरर्थक बोलण्याला इंग्रजीत ‘बंकम’ म्हणतात. त्याचे आखूड रूप ‘बंक’, आणि खोट्या समजुतीतली हवा काढून टाकणे या अर्थाचे ‘डीबंक’ हे क्रियापद त्याच्याच पोटचे. फॅक्ट-चेकच्या जमान्यात हे तिसरे रूप मराठी वाचकाच्याही कानावर येऊ लागले आहे. शब्दकोश या घराण्याची हकीकत तीन-चार ओळींत आटोपतात. १८२० साली अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहातल्या एका सदस्याने आपल्या मतदारसंघातल्या बंकम नावाच्या काउंटीसाठी म्हणून एक रटाळ भाषण ठोकले, आणि तेव्हापासून असल्या भाषणांना ते नाव पडले. गोष्ट चटपटीत आहे. तिच्यातला माणूस, जागा आणि साल खरे आहे. पण ती जशी सांगितली जाते त्यावरून वाटते की हा शब्द वायफळ बडबडीसाठीच घडला. पुरावा पाहिला तर उलटे दिसते. समोर बसलेल्यांना सोडून भलत्याच कोणाला उद्देशून केलेल्या बोलण्यासाठी तो घडला होता. निरर्थकपणाचा शिक्का त्यावर पुढे बसला, आणि तो बसवणारे होते समोर बसलेले, म्हणजे ज्यांच्यासाठी ते बोलणे नव्हतेच असे लोक.

प्रसंग साधा नव्हता. मिसूरी प्रदेशाला राज्याचा दर्जा हवा होता आणि तिथे गुलामगिरी चालू द्यायची की नाही, यावरून देश दुभंगला होता. १८१९च्या अखेरीस अलाबामा सामील झाल्यावर गुलामगिरी असलेली अकरा आणि नसलेली अकरा, अशी राज्यांची बरोबरी झाली होती. मिसूरीने हा काटा एका बाजूला कलला असता. न्यूयॉर्कच्या जेम्स टॉलमॅज यांनी फेब्रुवारी १८१९मध्ये निर्बंधाची सूचना मांडल्यापासून वाद धुमसत होता, आणि वर्षभराने, फेब्रुवारी १८२०मध्ये, सभागृह पुन्हा दिवसचे दिवस त्याच मुद्द्यावर भाषणे ऐकत होते. अशा वेळी, २५ फेब्रुवारीला, मतदान तोंडावर आले असताना, नॉर्थ कॅरोलायनाचे फेलिक्स वॉकर बोलायला उभे राहिले. गोष्टीत त्यांचे चित्र एखाद्या भाबड्या डोंगरी म्हाताऱ्यासारखे रंगवतात. वय सहासष्ट होते हे खरे, पण भाबडेपणाचे म्हणाल तर ऐन तारुण्यात, १७७५ साली, डॅनियल बून यांच्या तुकडीबरोबर जंगलातून वाट काढत ते केंटकीत पोचले होते आणि त्या प्रवासाची हकीकत पुढे त्यांनी लिहूनही ठेवली. १८१७ ते १८२३ अशा सलग तीन मुदती ते प्रतिनिधीगृहात होते. मतदार कसे राखायचे हे त्यांना नीट कळत होते.

त्यांच्या मतदारसंघात बंकम ही डोंगराळ काउंटी होती. ॲशव्हिल हे तिचे मुख्य ठिकाण. तिला नाव मिळाले होते एडवर्ड बंकम या स्वातंत्र्ययुद्धातल्या कर्नलचे. जर्मनटाउनच्या लढाईत ते जखमी झाले, इंग्रजांच्या हाती सापडले आणि १७७८ साली कैदेतच वारले. (आल्यागेल्याचे मोकळ्या मनाने स्वागत करणारे गृहस्थ अशी त्यांची ख्याती होती; त्यांचे नाव पुढे कशाला चिकटणार आहे याची त्यांना कल्पना असण्याचे कारण नाही.) इंग्रजी स्पेलिंग अक्षरांप्रमाणे वाचले तर आपण त्यांना ‘बनकोम्बे’ म्हणू, उच्चार मात्र ‘बंकम’. शब्द लोकांच्या तोंडी रुळल्यावर लिहिणाऱ्यांनी तो उच्चाराप्रमाणे लिहायला घेतला. तेवढ्याने काउंटीची काहीशी सुटका झाली, कारण नव्या स्पेलिंगमध्ये ती चटकन ओळखू येत नाही.

आता त्या भाषणाकडे. प्रचलित गोष्ट अशी की सदस्य ‘मतदान घ्या, मतदान घ्या’ असे ओरडत असतानाही वॉकर हटले नाहीत. कोणी उठून जाऊ लागले तेव्हा त्यांनी सांगून टाकले की खुशाल जा, मी तुमच्यासाठी बोलत नाही, बंकमसाठी बोलतो आहे. सभागृहाचा छापील वृत्तांत मात्र वेगळेच सांगतो. त्यात एवढीच नोंद आहे की वॉकर बोलायला उभे राहिले, पण मतदानाची मागणी इतक्या गोंगाटाने आणि चिकाटीने होत राहिली की कामकाज थांबवावे अशी सूचना करण्यापलीकडे त्यांना जाता आले नाही, आणि तीही सभागृहाने जवळजवळ एकमताने फेटाळली. म्हणजे ज्या भाषणावरून लांबलचक बोलण्याला नाव पडले ते भाषण सभागृहात झालेच नाही. ते पुढे वॉशिंग्टनच्या वर्तमानपत्रात छापून आले. सगळ्या प्रकरणातला कळीचा तपशील हाच, आणि चटपटीत गोष्टीत नेमका तोच गळतो, कारण भाषण झालेच नाही म्हटले तर कंटाळलेल्या श्रोत्यांचे काय करायचे? सभागृहाच्या दृष्टीने वॉकर हरले होते. त्यांच्या स्वतःच्या दृष्टीने फारसे काही बिघडले नव्हते. बंकमला भाषण पोचणार होते ते छापील कागदावरूनच, आणि तो कागद निघाला.

त्या काळची व्यवस्था पाहिली की यात विक्षिप्त असे काही राहत नाही. सदस्यांची भाषणे ‘नॅशनल इंटेलिजेन्सर’सारखी पत्रे छापत, आणि बऱ्याचदा सदस्य स्वतः दुरुस्त करून दिलेली प्रत छापली जाई. १७९२च्या टपाल कायद्याने वर्तमानपत्रांचे टपाल अगदी स्वस्त केले होते आणि संपादकांना एकमेकांचे अंक फुकट पाठवण्याची सोय दिली होती, त्यामुळे राजधानीतला मजकूर गावोगावच्या पत्रांत उतरत असे. सदस्यांना टपालखर्च माफ होता. दक्षिणेकडचे आणि पश्चिमेकडचे कितीतरी सदस्य मतदारांना छापील परिपत्रके धाडत. त्यात वास्तूचीही भर पडली होती. १८१४मध्ये इंग्रजांनी जाळलेले कॅपिटॉल पुन्हा उभे राहून प्रतिनिधीगृह आपल्या नव्या दालनात बसू लागले ते डिसेंबर १८१९मध्ये, म्हणजे वॉकर उभे राहण्याच्या जेमतेम तीन महिने आधी. अर्धवर्तुळाकार, गुळगुळीत घुमटी छताचे हे दालन दिसायला देखणे आणि ऐकायला भयंकर होते. प्रतिध्वनींमुळे बोलणे विरून जाई, आणि ही तक्रार १८५७मध्ये सभागृह तिथून हलेपर्यंत मिटली नाही. ज्या खोलीत चार बाकांपलीकडच्याचे नीट ऐकू येत नाही, तिथला वक्ता छापखान्याकडे तोंड करून बोलू लागला तर त्याला वेडा कसे म्हणायचे?

आपल्याकडे ‘लेकी बोले सुने लागे’ म्हणतात. सासू बोलते लेकीशी, निशाणा सुनेवर. तिच्या बोलण्याला आपण टोमणा म्हणू, कुजकट म्हणू. निरर्थक कोणी म्हणणार नाही, कारण ज्याला लागायचे त्याला ते बरोबर लागते. बंकमची रचना हीच आहे. फरक इतकाच की इथली ‘सून’ शेकडो मैलांवर होती आणि टोमण्याऐवजी तिला खूश करायचे होते. लेकीने मात्र कंटाळून त्या बोलण्याला नाव ठेवले आणि ते नावच शब्दकोशात गेले.

शब्दाच्या सुरुवातीच्या नोंदी याला दुजोरा देतात. बाल्टिमोरच्या ‘नाइल्स वीकली रजिस्टर’मध्ये १८२८ साली ‘टॉकिंग टू बंकम’, म्हणजे बंकमशी बोलणे, असा वाक्प्रचार येतो, आणि सदस्य लांबण लावू लागला की वॉशिंग्टनमध्ये असे म्हणायची जुनी रीत आहे, असे ते पत्र सांगते. इथे बंकम हे बोलण्याचे नाव नाही. ज्याच्याशी बोलायचे त्याचे नाव आहे. नोव्हा स्कोशियाचे न्यायाधीश आणि विनोदी लेखक टॉमस चँडलर हॅलिबर्टन यांचे ‘द अटॅशे’ १८४३-४४मध्ये आले. त्यातला सॅम स्लिक हा पात्ररूपी अमेरिकन बंकमचा खुलासा करतो तो असा: आपला सदस्य गप्प बसलेला लोकांना खपत नाही, पेपरात त्याचे भाषण दिसले नाही तर तो जिवंत आहे की मेला अशी विचारणा सुरू होते, म्हणून गावी पाठवायला एक छापील भाषण हवे एवढ्यासाठीच जो बोलतो, त्याच्या बोलण्याला बंकम म्हणतात. अमेरिकी बोलीचा १८४८चा बार्टलेट यांचा कोश याच खुलाशाचा आधार घेतो. पुढे १८५०मध्ये लेखक टॉमस कार्लाइल ब्रिटिश पार्लमेंटवर कोरडे ओढताना लिहितात की हे सभागृह आता वार्ताहरांच्या तोंडून बंकमशी आणि देशातल्या दोन कोटी सत्तर लाख जनतेशी बोलते आहे. ती जनता बहुतांशी मूर्ख आहे, ही पुस्ती त्यांची स्वतःची. कार्लाइल यांचा लोकशाहीबद्दलचा तिटकारा बाजूला ठेवला तरी त्यांचे निरीक्षण अचूक आहे. तीस वर्षांत शब्द अटलांटिक ओलांडून गेला होता आणि अजूनही त्याचा अर्थ श्रोता कुठे आहे यावरच उभा होता.

यानंतर शब्द आखडत गेला आणि प्रत्येक आखडण्यात श्रोता थोडा थोडा पुसला गेला. आधी ‘शी’ गळाला: बंकमशी बोलणे होते, ते नुसते बंकम बोलणे झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते राजकारणाबाहेर पडले आणि कोणतीही थाप, कोणताही भपका त्यात मावू लागला. १९००च्या सुमारास ‘बंक’ आला, ज्यात काउंटीचा मागमूस उरला नाही. १९१६मध्ये हेन्री फोर्ड यांनी ‘शिकागो ट्रिब्यून’ला दिलेल्या मुलाखतीत इतिहास म्हणजे कमीअधिक बंकच असे सांगितले आणि हे रूप जगभर गेले. त्याच पत्राने पुढे त्यांना अराजकवादी म्हटल्यावरून फोर्ड यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला; १९१९च्या सुनावणीत वकिलांनी त्यांची इतिहासावर परीक्षाच घेतली आणि ज्युरीने त्यांना भरपाई दिली सहा सेंट. मग १९२३मध्ये विल्यम वुडवर्ड यांनी ‘बंक’ नावाची कादंबरी लिहून ‘डीबंक’ हे क्रियापद चलनात आणले. फोर्ड इतिहासाला बंक म्हणतात तेव्हा तो कोणाला उद्देशून आहे हा प्रश्नच उद्भवत नाही. शब्द आता फक्त खरे-खोटे पाहतो. अमेरिकन पत्रकार मेन्केन यांच्यासारखा शब्दांचा शौकीन काउंटीचे जुने लांबलचक स्पेलिंगच वापरत राहिला, पण ती एका माणसाची हौस झाली.

यावर शंका घेता येतील आणि घ्यायलाही हव्यात. पहिली अशी की वॉकर यांची गोष्टच मागाहून रचलेली असेल. ती सविस्तर सांगणारे जॉन व्हीलर यांचे नॉर्थ कॅरोलायनाचे इतिहासपर पुस्तक १८५१चे, प्रसंगानंतर एकतीस वर्षांनी आलेले. आणि १८२८ सालचे पत्र वाक्प्रचाराला ‘जुना’ म्हणते, तर आठ वर्षांत काय जुने होते? दर दोन वर्षांनी निवडणूक होणाऱ्या सभागृहात आठ वर्षे म्हणजे चार पिढ्या, हे एक उत्तर. शिवाय माझा युक्तिवाद वॉकर यांच्या तोंडच्या वाक्यावर टेकलेला नाही. ते त्यांनी उच्चारलेच नसेल, कोणा थट्टेखोर सहकाऱ्याने त्यांच्या नावावर खपवले असेल, तरी १८२८चा ‘टू’ आणि हॅलिबर्टन यांचा खुलासा जागच्या जागी राहतो. दुसरी शंका भाषाशास्त्रीय आहे. त्याच शतकात अमेरिकेत बंकम हे विशेषण ‘झकास’ या उलट्या अर्थानेही चालत होते, आणि पत्त्यांच्या एका स्पॅनिश खेळाच्या नावावरून आलेला ‘बंको’ म्हणजे फसवणूक हाही शब्द होता. मग बंकची पाळेमुळे तिकडे नसतील कशावरून? ‘बंको’च्या सहवासाने ‘बंक’ला लबाडीचा वास अधिक चढला असणे मला शक्य वाटते. पण ‘बंको’ बाजारात रुळतो तो १८७०च्या दशकात, आणि तोवर बंकम अर्धशतक वापरून झाला होता.

तिसरा आक्षेप मात्र सोपा नाही. शब्दाचे मूळ काहीही असो, अर्थ ठरतो आजच्या वापराने. व्युत्पत्ती उकरून कोणाला ‘खरा अर्थ’ शिकवणे हा पंडिती हट्ट आहे. हे मला मान्य आहे, आणि कोणी बंकम हा शब्द चुकीचा वापरतो असे माझे म्हणणे नाही. म्हणणे इतकेच की जुना अर्थ गेला तेव्हा एक उपयोगी भेद त्याच्याबरोबर गेला. खोटे बोलणे ही एक गोष्ट, आणि समोरच्याचे मन वळवण्याचा आव आणून भलत्यासाठी बोलणे ही दुसरी. पहिल्याला ‘डीबंक’ करता येते: आकडा तपासा, दाखला काढा, दावा पडतो. दुसऱ्याला ते औषध लागू पडत नाही. त्या भाषणातले प्रत्येक वाक्य खरे असू शकते, आकडे बिनचूक असू शकतात, आणि तरीही ते ज्या चर्चेत केले त्या चर्चेशी त्याचा काडीचा संबंध नसतो. ते तपासणाऱ्याच्या हाती काहीच लागणार नाही, कारण त्याचा प्रश्न ‘हे खरे का’ असा आहे आणि हवा होता ‘हे कोणासाठी’.

त्यातून उलट बाजूचाही आक्षेप निघतो: निवडून आलेल्या माणसाने निवडून देणाऱ्यांशी बोलणे यात वाईट काय? काही नाही. बंद दाराआड बोलणाऱ्या सभागृहापेक्षा बंकमशी बोलणारे सभागृह केव्हाही बरे. दोष असलाच तर बतावणीत आहे. अध्यक्षांना संबोधायचे, प्रतिपक्षाला आव्हान द्यायचे आणि दोघांनाही काही पटवायचे नसते. या कसोटीवर, गोष्ट खरी धरली, तर वॉकर हे बंकमचे सर्वांत प्रामाणिक उदाहरण ठरतात. त्यांनी श्रोता कोण ते उघड सांगितले. नंतरच्यांनी ते झाकले आणि सभागृहाने झाकायला मदत केली. ‘काँग्रेशनल रेकॉर्ड’ या अधिकृत वृत्तांतात न झालेली भाषणे झाल्यासारखी छापण्याची मुभा इतकी सैल होती की ऑक्टोबर १९७२मध्ये त्यात लुइझियानाचे हेल बॉग्ज यांचे लांब भाषण आले. प्रत्यक्षात त्यांचे विमान दोनच दिवस आधी अलास्कात बेपत्ता झाले होते. न उच्चारलेल्या मजकुराला काळा ठिपका लावून वेगळे दाखवायची पद्धत १९७८मध्ये आली. आपल्या लोकसभेतही वेळ अपुरा पडला की लेखी भाषण पटलावर ठेवण्याची परवानगी सदस्यांना मिळते, आणि ते कामकाजात छापले जाते.

मग कॅमेरा आला. १९७९पासून प्रतिनिधीगृहाचे कामकाज दूरचित्रवाणीवर दिसू लागले आणि न्यूट गिंग्रिच व त्यांच्या तरुण रिपब्लिकन साथीदारांनी एक जागा हेरली: दिवसाचे काम संपल्यावर सदस्यांना बोलायला मिळणारा वेळ. सभागृह रिकामे, कॅमेरा फक्त वक्त्यावर. वक्ता प्रतिपक्षाला सवाल टाकी, उत्तरासाठी थांबे, आणि समोरून उत्तर येत नाही हे पाहून घरी बसलेल्या प्रेक्षकाला वाटे की विरोधक निरुत्तर झाले. १० मे १९८४ रोजी सभागृहाचे अध्यक्ष टिप ओनील यांनी वैतागून कॅमेरा सगळ्या दालनावरून फिरवायला लावला आणि रिकाम्या खुर्च्या देशाला दिसल्या. त्या क्षणी बोलत होते पेनसिल्व्हेनियाचे रॉबर्ट वॉकर. आडनावाचा हा योगायोग कोणी कादंबरीत घातला असता तर अतिरंजित वाटला असता. पाच दिवसांनी याच वादात ओनील यांचे बोलणे इतके तिखट झाले की ते वृत्तांतातून काढून टाकावे लागले. त्यांनी रॉबर्ट वॉकर यांच्या भाषणातला एकही दावा खोडला नव्हता. समोर कोण बसले आहे एवढेच दाखवले होते, आणि रिपब्लिकनांना ते खोडण्यापेक्षा जास्त झोंबले. जुन्या अर्थाच्या बंकमवर इलाज करायचा तर तो असाच करावा लागतो.

श्रोता कोण हे पाहू लागलो की १८२०च्या त्या भाषणाबद्दल आणखी एक गोष्ट दिसते, आणि कंटाळवाण्या म्हाताऱ्याच्या विनोदी गोष्टीत ती पुरती झाकली जाते. वाद गुलामगिरीचा होता आणि बंकम काउंटीत गुलाम माणसे राहत होती. वॉकर ज्या बंकमसाठी बोलायला उठले त्यात ती नव्हती. त्यांना मत नव्हते. पण कोणत्या राज्याला किती प्रतिनिधी मिळायचे याचा हिशेब करताना तेव्हाची राज्यघटना दर पाच गुलामांमागे तीन माणसे धरत असे. नॉर्थ कॅरोलायनाच्या जागा मोजताना बंकमचे गुलामही त्या प्रमाणात मोजले गेले होते, आणि त्या जागांपैकी एकीवरून वॉकर बोलायला उठले होते.